सत्रअखेरचं वार्तापत्र आणि शालेय मंत्रिमंडळ: निवडणुकीनंतर मुलांना खरं काम काय द्यायचं?

प्रश्न — शिक्षिका_डोंगरवाडी

नमस्कार. जिल्हा परिषदेची पहिली ते आठवीची शाळा, पट १४२, शिक्षक सहा. जुलैत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक झाली, शपथविधी झाला. त्यानंतर मंत्र्यांकडे परिपाठाच्या सूचना देणं आणि रांगा लावणं यापलीकडे काम आलेलं नाही. सत्र संपायला चार आठवडे आहेत. संकलित मूल्यमापन आटोपलं की दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा आहे आणि त्या दिवशी घरोघरी जाईल असं चार पानी वार्तापत्र काढायचं ठरलं आहे.

ते वार्तापत्र पाहुण्यांचे सत्कार आणि फोटो यांचं होऊ नये अशी इच्छा आहे. सहावीला स्थानिक शासन, सातवीला संविधान, आठवीला संसदीय शासनपद्धती पुस्तकात आहेच. त्याचा या चार पानांशी आणि मंत्रिमंडळाशी मेळ कसा घालावा? शिवाय दुसऱ्या सत्रात संविधान दिनाच्या आसपास निवडणूक नव्याने घ्यायची आहे. ती कशी घ्यावी म्हणजे मुलांना मतदानाबरोबर त्यामागचा हिशेबही कळेल? नेमक्या पायऱ्या सांगितल्यात तर बरं होईल.

उत्तर १ — खडूफळा

मॅडम, चार आठवडे पुरतात. मात्र सुरुवात वार्तापत्रापासून करू नका, सभेपासून करा. ठरावच झाले नसतील तर मंत्रिमंडळाची बातमी कुठून येणार? मग फोटोच उरतात.

पहिल्या आठवड्यात मंत्रिमंडळाची एक सभा ग्रामसभेच्या रीतीने घ्या. ग्रामसभेला सात दिवस आधी नोटीस लागते, शाळेत तीन दिवस आधी फळ्यावर लावा. नोटिशीत तारीख, वेळ, जागा आणि विषय. सभेच्या दिवशी आधी सह्या, मग गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) मोजायची. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. मुलांना आपल्या गावच्या मतदारसंख्येवरून हे गणित करायला द्या, सातवीच्या शेकडेवारीचाही सराव होतो. मंत्रिमंडळासाठी निम्म्याहून एक जास्त एवढी गणपूर्ती ठेवा. प्रोसिडिंगची (सभेचा वृत्तांत लिहायची) वही वेगळी, पानांवर आधीच क्रमांक घातलेली. पान फाडलं तर लगेच कळलं पाहिजे.

ठराव तीनच घ्या. एक मुलं स्वतः, पैशाशिवाय पार पाडू शकतील असा. दुसरा मुख्याध्यापकांच्या अधिकारातला. तिसरा शाळा व्यवस्थापन समिती किंवा ग्रामपंचायतीकडे जाईल असा. मुलांना शिकवायचं ते हेच: कुठला प्रश्न कोणाच्या दारात न्यायचा. पंचवीस ठराव घेतलेत तर हा फरक हरवतो आणि एकही तडीस जात नाही.

ठरावाची भाषा इथेच शिकवावी लागते. "शाळा स्वच्छ ठेवावी" हा ठराव नाही, ही सुविचाराची ओळ झाली. ठराव असा हवा: "मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दोन दारांना आतून कडी नाही. मुख्याध्यापकांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत कड्या बसवून घ्याव्यात. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. बाजूने ११, विरोधात ०, तटस्थ १." काय बिघडलं, कोणी करायचं, कधीपर्यंत आणि कोणी पाठिंबा दिला, ही चारही अंगं हवीत. एक जरी गळलं तरी सत्राअखेरी हिशेब मागता येत नाही.

आता वार्तापत्र. ए-थ्री कागद मधोमध दुमडला की ए-फोरची चार पानं होतात. पहिलं पान पूर्णपणे ठरावांच्या तक्त्याला द्या: ठराव, कोणाकडे, आजची स्थिती, पुढची तारीख. स्थितीसाठी चारच शब्द वापरू द्या: झालं, चालू आहे, अडलं, आमच्या अधिकारात नाही. "लवकरच" हा शब्द बाद करा. मुलं तो मोठ्यांकडून उचलतात आणि त्याच्यामागे सगळं झाकलं जातं. "अडलं" लिहिलं तर पुढे का अडलं तेही लिहायचं. कारण न लिहिलेलं "अडलं" पालकांना तक्रारीसारखं वाटतं, कारणासकट लिहिलं की त्यांना मदत करायची जागा दिसते.

दुसरं पान आकड्यांना: उपस्थिती, वाचनालयातून गेलेली पुस्तकं, पोषण आहार. तिसरं पान वर्गांच्या बातम्यांना, प्रत्येक वर्गाला साठ शब्द. चौथ्यावर पालकांसाठी दोन प्रश्न आणि कापून परत द्यायची चिठ्ठी. चिठ्ठी कापली की तिसऱ्या पानाचा तेवढाच भाग जातो, म्हणून तिच्या पाठीमागे मजकूर ठेवू नका. चित्र किंवा मोकळी जागा ठेवा.

मजकूर मुलांच्याच हातचा असू द्या, पण काळ्या पेनने. निळी शाई झेरॉक्सवर फिकी येते आणि पेन्सिल तर जवळजवळ येतच नाही. चारही बाजूंना दीड सेंटिमीटर समास सोडा, नाहीतर कडेची अक्षरं कापली जातात. प्रती पटाएवढ्या काढायची गरज नाही. भावंडं धरून घरांची संख्या काढा आणि त्या घरातल्या मोठ्या मुलाकडे एक प्रत द्या.

गुणानुक्रम आणि "अप्रगत" नावं छापू नका. तक्रार करणाऱ्या मुलाचं नावही नको. फोटो असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्या.

उत्तर २ — परसबाग

वरच्या उत्तरातल्या दुसऱ्या पानाबद्दल थोडं. पोषण आहाराचे आकडे हा नागरिकशास्त्राचा सगळ्यात जिवंत धडा आहे, कारण शासनाची योजना रोज ताटात येते. तांदळाचं प्रमाण पहिली ते पाचवीला प्रत्येकी १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. समजा आज लहान गटात ७२ आणि मोठ्या गटात ५४ हजर आहेत. ७२ गुणिले १०० म्हणजे ७.२ किलो, ५४ गुणिले १५० म्हणजे ८.१ किलो, एकूण १५.३ किलो. आहारमंत्र्याने रोज हजेरी घेऊन हे गणित फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं, खाली आजचा पदार्थ. पाच मिनिटांचं काम आहे.

वजन करणं, कोठीची किल्ली आणि साठा नोंदवही मुलांकडे देऊ नका. ती जबाबदारी शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची आहे, मुलांवर ढकलली तर चूक झाल्यावर बोल मुलांना लागतो. मुलांचं काम पाहणं, मोजणं, विचारणं. चवीची नोंदवही रोज भरली जाते का आणि आठवड्याचा ठरलेला पदार्थ त्याच दिवशी होतो का, हे ती पाहू शकतात. सत्राच्या शेवटी "ठरलेल्या पदार्थापेक्षा वेगळा पदार्थ किती दिवस झाला आणि का" एवढी एक ओळ वार्तापत्रात आली तरी ती सगळ्यात जास्त वाचली जाईल. लिहिताना स्वयंपाकी ताईंना आधी दाखवा. बहुतेक वेळा कारण भाजी किंवा धान्य वेळेवर न येणं हे असतं आणि ते त्यांच्याच तोंडून आलेलं बरं.

उत्तर ३ — केंद्राध्यक्ष_निवृत्त

मी निवडणुकीपुरतं लिहितो.

आधी पद्धत ठरवा. मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान थेट लोकांतून निवडला जात नाही. आमदार-खासदार निवडले जातात आणि ज्याच्यामागे बहुमत तो नेता. सरपंचाचं वेगळं आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये सरपंचाची थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. शाळेत दोन्ही वापरून मुलांनाच तुलना करू द्या. जुलैत थेट निवडणूक झाली असेल तर नोव्हेंबरमध्ये प्रत्येक वर्गातून दोन प्रतिनिधी निवडा, एक मुलगी आणि एक मुलगा. आठ वर्गांचे सोळा होतात. त्या सोळांनी मुख्यमंत्री निवडायचा आणि मुख्यमंत्र्याने खाती वाटायची. राज्यातल्या स्थानिक संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के जागा राखीव आहेत, तेव्हा मुलगी-मुलगा हा नियम समजावायला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली की वेळ थोडा असतो. मतदान २६ नोव्हेंबरला असेल तर साधारण असं बसतं: आठ दिवस आधी मतदारयादी आणि अधिसूचना, सहा दिवस आधी अर्ज (सूचक व अनुमोदकाच्या सहीसह), त्याच्या दुसऱ्या दिवशी छाननी, मग माघार आणि चिन्हवाटप, मग दोन दिवस प्रचार. आदल्या दिवशी प्रचार बंद. यादी लावल्यावर नावं तपासायला एक दिवस द्याच. नव्याने दाखल झालेल्या मुलांची नावं हमखास राहतात आणि ऐन मतदानाच्या वेळी एखादं मूल रडत उभं राहतं.

प्रचारासाठी पाठकोरा कागद, हाताने काढलेलं एकच पोस्टर आणि दोन मिनिटांचं भाषण. खाऊ वाटणं बंद. भाषणानंतर मतदारांना दोन प्रश्न विचारू द्या आणि प्रत्येक आश्वासनावर "कोण करणार, कशातून करणार" हा प्रश्न सक्तीचा ठेवा. "गृहपाठ बंद करीन" हे आश्वासन या प्रश्नापुढे आपोआप गळतं.

चिन्हं पहिली-दुसरीच्या मुलांसाठी फार महत्त्वाची आहेत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असायची. तुम्ही चिन्हं शाळेतली घ्या: खडू, पट्टी, दप्तर, डबा, बादली, घंटा. घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, कमळ, हात, तुतारी, रेल्वे इंजिन घेऊ नका. एखादं मूल सहज निवडेल आणि गावात त्याचा भलताच अर्थ लावला जाईल.

मतदान केंद्रावर मोठी मुलं मतदान अधिकारी होऊ देत. पहिला यादीत नाव शोधून मोठ्याने पुकारतो आणि नावाखाली रेघ मारतो. दुसरा डाव्या तर्जनीला खूण करतो आणि सही घेतो. तिसरा मतपत्रिका देतो. उमेदवारांच्या प्रतिनिधींसाठी बाजूला बाक. खूण मार्करने करा. खरी निवडणुकीची शाई बाजारात मिळत नाही, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. तिच्याऐवजी केसांचा रंग वगैरे प्रयोग लहान मुलांच्या त्वचेवर नकोत. आडोशाला मोठ्या खोक्याच्या तीन बाजू पुरतात, पण पेन आत दोऱ्याने बांधून ठेवा. खिडकीकडे पाठ करून आडोसा ठेवला तर बाहेरून दिसतं, म्हणून भिंतीकडे.

एका मताला अर्धा ते पाऊण मिनिट धरा. १४२ मतं एकाच केंद्रावर म्हणजे सव्वा ते पावणेदोन तास, लहान मुलं कंटाळतात. वर्गवार मतदानात प्रत्येक वर्गाचं वीस मिनिटांत होतं.

मुख्य शिकवण मोजणीत आहे. मोजणीआधी मतपत्रिकांचा हिशेब: छापलेल्या किती, दिलेल्या किती, खराब म्हणून परत घेतलेल्या किती, उरलेल्या किती. दिलेल्या पत्रिकांतून परत घेतलेल्या वजा केल्या की पेटीतला आकडा आला पाहिजे. एकाचा जरी फरक आला तर मतं मोजायला घेऊ नका, आधी फरक शोधा. बहुधा कोणीतरी पत्रिका खिशात घालून गेलेलं असतं किंवा यादीत रेघ मारायची राहिलेली असते. दोन चिन्हांवर खूण किंवा कोरी पत्रिका बाद, आणि बाद पत्रिका सगळ्यांना दाखवून बाजूला ठेवायची. शिक्का वापरू नका. ओली शाई घडी घातल्यावर समोरच्या चिन्हावर उमटते आणि वाद होतो. बॉलपेनची बरोबरची खूण चांगली.

उत्तर ४ — संगणक_कक्ष

मोबाइलवरची मतदान यंत्राची ॲप्स बऱ्याच शाळा वापरतात, त्याबद्दल. मुलांना बीपचा आवाज आवडतो आणि निकाल क्षणात लागतो, हे खरं. पण मॅडमना हिशेब शिकवायचा आहे आणि ॲपमध्ये नेमका तोच दिसत नाही. फेरमोजणी मागणाऱ्या मुलाला दाखवायला काहीच नसतं. खऱ्या यंत्राला व्हीव्हीपॅट (मत कोणाला गेलं ते छापील चिठ्ठीवर दाखवणारं यंत्र) जोडलेलं असतं, त्यात चिठ्ठी सात सेकंद दिसून पेटीत पडते. ॲपमध्ये ती फक्त पडद्यावर चमकते.

तरी वापरायचं असेल तर फोन विमान मोडवर टाका, स्क्रीन पिन करा म्हणजे मागे जाऊन आकडे बघता येणार नाहीत, चार्जिंग लावून ठेवा. एका फोनवरच मतदान असेल तर दर मतानंतर अधिकाऱ्याने यंत्र पुढच्या मतासाठी खुलं करायची सोय ॲपमध्ये आहे का ते बघा. नसेल तर एकच मूल तीनदा बटण दाबतं. सुरुवातीला सगळ्यांसमोर चाचणी मतदान घ्या. प्रत्यक्ष केंद्रावर ते मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर होतं, किमान ५० मतांचं, आणि नंतर यंत्र शून्य करतात. शाळेत दहा मतं पुरतील, पण शून्य केलेलं प्रतिनिधींना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझं मत विचाराल तर मुख्य निवडणूक कागदावर आणि ॲप एका तासिकेत प्रात्यक्षिक म्हणून.

उत्तर ५ — पालक_व्यवस्थापन_समिती

तिसऱ्या प्रकारच्या ठरावाबद्दल, म्हणजे जो शाळेबाहेर जातो.

मुलांचं पत्र थेट ग्रामपंचायतीत नेऊन फोटो काढला की बातमी होते, काम होत नाही. आधी तो विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या विषयपत्रिकेवर आणा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडा करणं हे शिक्षण हक्क कायद्याने तिला दिलेलं काम आहे. समितीने ठराव केला की मुख्याध्यापकांच्या सहीने जावक क्रमांक घालून पत्र ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक), आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. मुलांना पोच घ्यायला शिकवा! पोच नसेल तर महिन्याने विचारायला गेल्यावर "पत्र आलंच नाही" हे उत्तर मिळतं आणि त्यावर काही बोलता येत नाही.

वेळही पाहा. ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. पाणी आणि स्वच्छता यांची मागणी तेव्हा गेली तर तिला जागा असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग याच दोन कामांसाठी बांधलेला होता, म्हणून शौचालय, हात धुण्याची जागा, पाण्याची टाकी हे विषय पुढे सरकायचे. मार्चमध्ये मागितलं तर "पुढच्या वर्षी बघू". तुमच्या सत्राच्या शेवटाशी हे वेळापत्रक नेमकं जुळतं.

पत्रात मोजमाप द्या. "पाण्याची गैरसोय आहे" असं नको. "नळ चार, चालू दोन, मुलं १४२, मधली सुट्टी अमुक मिनिटं, पहिलीच्या मुलांचा हात नळापर्यंत पोचत नाही, नळाची उंची इतके सेंटिमीटर" असं. टेप घेऊन मोजायचं काम चौथी-पाचवीच्या मुलांना फार आवडतं. आणि परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका म्हणतातच. त्यातली "दर्जाची व संधीची समानता" ही ओळ पहिलीतल्या मुलाच्या हाताला न येणाऱ्या नळाशेजारी उभं राहून म्हणा, मग समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत.

शिक्षिका_डोंगरवाडी

खूप आभार, सगळ्यांचे. तीन ठरावांची पद्धत उद्याच सुरू करते. दोन शंका आहेत. पालकसभेत मंत्र्यांनी हे सगळं मांडायचं कसं? पाठ केलेलं भाषण नको. आणि वर्ग लहान असल्यामुळे समान मतं पडण्याची शक्यता बरीच आहे, तेव्हा काय करावं? "यांपैकी कोणीही नाही" हा पर्याय ठेवावा का?

खडूफळा

पालकसभेत भाषणाऐवजी वीस मिनिटांचा प्रश्नोत्तराचा तास घ्या. लोकसभेत तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर. वार्तापत्र पालकसभेच्या तीन दिवस आधी घरी पाठवा, सभेच्या दिवशी वाटू नका. चौथ्या पानावरच्या चिठ्ठीवर पालकांनी प्रश्न लिहून पाठवायचे. त्यातले पाच तारांकित निवडा, बाकीच्यांची उत्तरं लिहून फलकावर लावा. ज्या खात्याचा प्रश्न त्या मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं, प्रत्येक प्रश्नावर एक उपप्रश्न. अध्यक्ष आठवीची मुलगी किंवा मुलगा, हातात घड्याळ.

शिक्षकांनी मध्ये उत्तर देऊ नये, हे सभेच्या सुरुवातीला सांगून टाका. मंत्री अडखळला तर "माहिती घेऊन दोन दिवसांत फलकावर लावतो" हे उत्तर त्याला आधीच शिकवून ठेवा. ते उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहायचं आणि दोन दिवसांनी लावायचंच. सुट्टी लागणार असेल तर शाळा उघडेल तो दिवस. पालकांपैकी कोणी मुलावर आवाज चढवला तर अध्यक्षाला मुख्याध्यापकांकडे बघून सभा थांबवायचा अधिकार द्या.

केंद्राध्यक्ष_निवृत्त

समान मतांना चिठ्ठी. कायद्यातही तेच आहे. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांची मतं सारखी झाली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला. मात्र आधी फेरमोजणी करा, बाद पत्रिका पुन्हा बघा आणि मगच चिठ्ठी. दोन्ही चिठ्ठ्या सारख्या मापाच्या, सारख्या घडीच्या, सगळ्यांना उघडून दाखवून मग बरणीत. ती दुसऱ्या वर्गातल्या लहान मुलाने काढायची. हा नियम अधिसूचनेतच लिहून ठेवा. निकालानंतर सांगितलेला नियम मुलांना अन्यायच वाटतो, आणि त्यांचं बरोबर असतं.

"यांपैकी कोणीही नाही" ठेवा. हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ मध्ये मतदान यंत्रावर आला. आठवीच्या वर्गात चर्चेला घ्यायला एक फरक आहे: विधानसभा-लोकसभेत या पर्यायाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांपैकी पहिला निवडून येतो. राज्य निवडणूक आयोगाने मात्र २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी अशा वेळी फेरनिवडणुकीचा आदेश काढला. तुमच्या शाळेत यातला कुठला नियम लागू करायचा ते सध्याच्या मंत्रिमंडळाच्या शेवटच्या सभेत मुलांनाच ठरवू द्या, बाजूने-विरोधात मतं मोजून. तो ठराव पहिल्या सत्राच्या वार्तापत्रात छापा, म्हणजे नोव्हेंबरमध्ये सगळ्यांना नियम आधीपासून माहीत असेल.

एक राहिलं. बाद पत्रिका, मोजलेल्या पत्रिका आणि रेघा मारलेली यादी वेगवेगळ्या पाकिटांत घालून, वर तारीख आणि दोन प्रतिनिधींच्या सह्या घेऊन कपाटात ठेवा. आठवडाभर कोणी हरकत घेतली तर पाकीट त्या दोघांसमोरच उघडायचं.